केर्फिलीची हिरवी बाई: खरी किती, रचलेली किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैमध्ये मुलाच्या पदवीदान समारंभासाठी एक कुटुंब कार्डिफला येतंय, सोबत नऊ वर्षांची मुलगी आहे. मधल्या एका मोकळ्या दिवशी केर्फिलीचा किल्ला बघायचा बेत आहे. आईंच्या वाचनात आलं की तिथे अ‍ॅलिस नावाच्या राणीचं भूत हिरव्या पोशाखात तटावर फिरतं, कारण नवऱ्याने तिच्या प्रियकराला फासावर चढवलं. त्या विचारतात: ही खरी घडलेली गोष्ट आहे का? रात्रीच्या भुताच्या फेरीचे पैसे भरावेत का? आणि मुलगी घाबरेल का?

मी गेली सतरा वर्षं दक्षिण वेल्समध्ये गाइडचं काम करते. केर्फिलीला किती वेळा गेले याचा हिशोब ठेवणं कधीच सोडलं. भूत दिसलं का, हे प्रत्येक गटात एक जण तरी विचारतोच. नाही दिसलं. पण तुमचा खरा प्रश्न तो नाही असं मला वाटतं. मुलीला ही गोष्ट इतिहास म्हणून सांगायची की गोष्ट म्हणून, हे तुम्हाला ठरवायचं आहे. त्याचं उत्तर ‘खरी’ किंवा ‘खोटी’ असं एका शब्दात देता येत नाही. यातली माणसं खरी आहेत, घटना बहुतेक रचलेल्या आहेत, आणि भूत या दोन्हींपेक्षा वेगळ्याच वाटेने आलेलं आहे.

आधी गोष्ट, जशी सांगतात तशी. गिल्बर्ट द क्लेअर हा तापट, लाल केसांचा सरदार. त्याची बायको अ‍ॅलिस फ्रान्सकडची, नाजूक, हौशी. नवरा सदा लढायांत. एकदा ब्रिथदिरचा राजपुत्र, देखणा ग्रिफिद, किल्ल्यावर पाहुणा आला आणि दोघांचं मन जुळलं. ग्रिफिदने एका साधूपाशी पापाची कबुली दिली. साधूने ती गिल्बर्टला जाऊन सांगितली. गिल्बर्टने अ‍ॅलिसला फ्रान्सला धाडलं आणि ग्रिफिदला पकडायला माणसं सोडली. ग्रिफिदला कळलं की चहाडी कुणी केली. त्याने साधूला गाठून झाडाला लटकवलं. पुढे तो स्वतःही सापडला आणि फासावर गेला. गिल्बर्टने ही बातमी मुद्दाम माणूस पाठवून अ‍ॅलिसला कळवली. ऐकताच ती जागीच गेली. तेव्हापासून ती केर्फिलीच्या तटावर हिरव्या पोशाखात वाट बघत फिरते.

गोष्ट फर्मास आहे. मीही सुरुवातीची काही वर्षं ती तिखटमीठ लावून सांगायचे. एकदा शाळेच्या सहलीत दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने मध्येच हात वर केला. मी नुकतंच सांगितलं होतं की त्या साधूला जिथे लटकवलं, त्या गावाला आजही अस्त्राद मनाख म्हणतात. वेल्श भाषेत ‘अस्त्राद’ म्हणजे नदीकाठचं सपाट खोरं आणि ‘मनाख’ म्हणजे साधू. मुलाने विचारलं, “मग त्याला लटकवायच्या आधी त्या गावाला काय म्हणायचे?” मला उत्तर देता आलं नाही. सगळी पोरं हसली. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ही गोष्ट पहिल्यांदा उसवायला घेतली.

उसवल्यावर काय निघालं ते सांगते.

गिल्बर्ट खरा. जन्म १२४३, ग्लॉस्टर आणि हर्टफर्डचा अर्ल, इंग्लंडच्या बड्या जमीनदारांपैकी एक. केसांवरून त्याला ‘लाल गिल्बर्ट’ म्हणत हेही खरं. अ‍ॅलिसही खरी, पण राणी नव्हे. लुझिन्याँ घराण्यातली, राजा तिसऱ्या हेन्रीच्या सावत्र भावाची मुलगी. लग्न १२५३ मध्ये झालं. म्हणजे गिल्बर्ट तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, तुमच्या मुलीच्या वयाचा! लग्न राजाच्या मर्जीने, दोन घराण्यांचा सौदा म्हणून. त्यांना दोन मुली झाल्या. पुढे बिनसलं, आणि १२८५ मध्ये ते लग्न रद्द ठरवलं गेलं. १२९० मध्ये गिल्बर्टने राजा पहिल्या एडवर्डच्या मुलीशी, जोनशी लग्न केलं. तो सेहेचाळीस वर्षांचा, ती अठराच्या आसपास.

आता गोष्टीतली पहिली फट दिसेल. गिल्बर्टला अ‍ॅलिसला सोडायला प्रियकराची गरजच नव्हती. बत्तीस वर्षांचं लग्न रद्द झालं आणि राजाची मुलगी घरात आणण्याचा रस्ता मोकळा झाला. त्यात ना फास, ना साधू. कागदपत्रं आणि धर्मपीठाची मंजुरी. अ‍ॅलिसवर अन्याय झाला असेल तर तो असा, शाईने झालेला.

आणि एक मेख. त्या काळच्या एका इतिवृत्तात अशी कुजबूज आहे की अ‍ॅलिसशी नको तितकी सलगी खुद्द युवराज एडवर्डची, म्हणजे पुढे राजा झालेल्या त्याच पहिल्या एडवर्डची होती, आणि गिल्बर्टचं त्याच्याशी वाकडं येण्यामागे हेही एक कारण होतं. खरं-खोटं देव जाणे. दरबारातली कुजबूज आजच्याइतकीच तेव्हाही स्वस्त होती. पण वेल्श खोऱ्यात ती गोष्ट सांगणाऱ्याला इंग्रज युवराजात काय रस? त्याने प्रियकराच्या जागी आपला माणूस बसवला असेल, असा माझा अंदाज आहे. सिद्ध मात्र करता येणार नाही.

कारण तो ‘आपला माणूस’ हवेतून आलेला नाही. या भागाचा, सेंगहेनिदचा, ग्रिफिद नावाचा वेल्श सरदार खरोखर होता: ग्रिफिद अप रीस. १२६७ मध्ये गिल्बर्टने त्याला पकडलं, आधी कार्डिफला आणि मग समुद्रापलीकडे आयर्लंडमधल्या किल्केनीला कैदेत पाठवलं. बायकोसाठी नव्हे, जमिनीसाठी. त्याच्या मुलखावर बसूनच गिल्बर्टने पुढच्या वर्षी, ११ एप्रिल १२६८ ला केर्फिलीचं काम सुरू केलं. म्हणजे गोष्टीतला ग्रिफिद या किल्ल्यावर पाहुणा म्हणून येऊन अ‍ॅलिसला भेटतो, आणि इतिहासातला ग्रिफिद किल्ल्याचा पहिला दगड बसण्याआधीच देशाबाहेर कैदेत गेलेला असतो. नाव तेच आणि शत्रू तोच. फक्त भांडणाचं कारण बदललं. जमीन गेली ही गोष्ट शेकोटीभोवती चार पिढ्या टिकत नाही, प्रेम टिकतं.

किल्ला बांधला त्याचं खरं कारण दुसरंच, आणि मुलीला तेही सांगा, कारण समोर दिसणारा प्रत्येक दगड त्यासाठी आहे. उत्तर वेल्सचा सत्ताधीश लुवेलिन अप ग्रिफिद तिकडून खाली सरकत होता. १२६७ च्या तहाने इंग्लंडच्या राजानेच त्याला ‘वेल्सचा राजपुत्र’ मान्य केलं होतं. त्याला अडवायला हा किल्ला. १२७० च्या ऑक्टोबरात लुवेलिनने येऊन अर्धवट बांधकाम जाळलं. गिल्बर्टने पुढच्या वर्षी पुन्हा काम काढलं. तेव्हा राजाने तंटा मिटेपर्यंत किल्ला बिशपांच्या ताब्यात दिला. मग १२७२ मध्ये गिल्बर्टचा कार्डिफचा किल्लेदार ‘शस्त्रागारातल्या सामानाची यादी तपासायची आहे’ म्हणून आत शिरला आणि आपल्या शिपायांना दार उघडून दिलं. इतकी सरळ, बेशरम युक्ती! मी गटाला हा प्रसंग मुख्य दरवाजाखाली उभं करूनच सांगते, आणि भुतापेक्षा जास्त हशा इथे येतो.

आपल्याकडचे पाहुणे स्टेशनवरून चालत आले की पहिलं वाक्य ठरलेलं: “अहो, डोंगर कुठाय?” डोंगर नाही. किल्ला खोऱ्याच्या तळाशी, सपाटीवर आहे, आणि त्याचं बळ पाण्यात आहे. ओढ्यांना बांध घालून दोन्ही बाजूंना तळी केली आणि मधोमध तटाच्या आत तट. ब्रिटनमध्ये अशा दुहेरी तटाची रचना सगळ्यात आधी इथेच उभी राहिली. एकूण पसारा सुमारे तीस एकर. ब्रिटनमध्ये विंडसरनंतर हाच सगळ्यात मोठा. पूर्वेकडचा लांबलचक बांध स्वतःच एक तटबंदी आहे. पाणी सोडलं तर सगळंच गेलं, म्हणून बांधाला बुरूज दिलेत. गिल्बर्टने एवढी तयारी केली, पण लुवेलिन १२८२ मध्ये इथून लांब, किल्मेरीजवळ मारला गेला, आणि किल्ल्याचं मूळ प्रयोजन चौदा वर्षांतच संपलं.

आता भुताकडे येते, कारण मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग तिथे आहे.

१८७०-८० च्या दशकांत कार्डिफला वर्ट साइक्स नावाचे अमेरिकन वाणिज्यदूत होते. त्यांनी वेल्समधल्या भुताखेतांच्या आणि पऱ्यांच्या गोष्टी गोळा करून १८८० मध्ये छापल्या. त्यांत केर्फिलीची हिरवी बाई आहे. ती रात्री पडक्या किल्ल्यात हिरवा झगा घालून फिरते आणि तिला एक शक्ती आहे: ती आयव्हीच्या वेलीत बदलू शकते आणि भिंतीवरच्या आयव्हीत मिसळून जाते. तिच्या त्या वर्णनात ना नवरा येतो, ना साधू, ना प्रियकर.

एकोणिसाव्या शतकातली या किल्ल्याची चित्रं बघितलीत तर हे लगेच पटेल. तळी आटलेली, भोवती दलदल, बुरुजांवर छपरं नाहीत, आणि भिंती आयव्हीने मढलेल्या. संध्याकाळी वाऱ्यावर आयव्हीचा अख्खा पडदा हलतो तेव्हा तो पदरासारखाच दिसतो. मी दुसऱ्या एका पडक्या गढीत हे स्वतः बघितलंय आणि अंगावर काटा आला होता, कबूल करते. माझ्या मते हिरवी बाई आधी वेल होती. तिला अ‍ॅलिस हे नाव आणि तो दुःखी संसार चिकटला तो वेगळ्या धाग्याने. दोन्ही गोष्टी एकाच तटाभोवती फिरत होत्या, आज ना उद्या एकमेकींत मिसळणारच होत्या. शिवाय वेल्समध्ये हिरवा हा पऱ्यांचाही रंग.

त्याच दलदलीची आणखी एक जुनी गोष्ट आहे, ‘ग्वराख अ रिबिन’ची. आपल्या हडळीची लांबची बहीण म्हणा, पण झपाटत नाही. कुणाचं मरण जवळ आलं की खिडकीशी येऊन किंचाळते. केर्फिलीची पाण्यातून वर यायची आणि किल्ल्यात नाहीशी व्हायची. तिच्या आणि हिरव्या बाईच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडी कुठे वेगळ्या राहतात आणि कुठे एक होतात, ते ऐकणाऱ्याच्या गावावर अवलंबून आहे.

मग आयव्ही गेली कुठे? किल्ला ब्यूट या सरदार घराण्याकडे होता; मार्क्विस ही त्यांची पदवी. चौथ्या मार्क्विसने १९२८ ते १९३९ या काळात ढासळलेले भाग पुन्हा उभे केले, तटाला खेटून उभी राहिलेली घरं हटवली, भिंती साफ केल्या. १९५० मध्ये किल्ला सरकारकडे आला आणि त्या दशकात तळ्यांत पुन्हा पाणी भरलं. आज ‘कादू’ ही वेल्श सरकारची वारसा संस्था तो सांभाळते. ‘कादू’ या वेल्श शब्दाचा अर्थच जपणं. तेव्हा तुम्ही बघाल तो किल्ला भुताच्या काळचा नाही. हिरव्या बाईची राहायची जागा दुरुस्तीत गेली.

एक गोष्ट मला बरीच वर्षं खुपते. या किल्ल्याशी जोडलेलं खरंखुरं भीषण मरण अ‍ॅलिसचं नाहीच. १३१६ च्या जानेवारीत लुवेलिन ब्रेन नावाच्या वेल्श सरदाराने उठाव केला आणि केर्फिलीवर हल्ला चढवला. किल्ला पडला नाही. पुढे इंग्रज फौज चालून आल्यावर आपल्या माणसांचे जीव वाचावेत म्हणून तो स्वतः शरण गेला. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलं. १३१८ मध्ये ह्यू डिस्पेन्सर या राजाच्या लाडक्याने त्याला कार्डिफला आणून, खटला न चालवता, हालहाल करून मारलं. हा लुवेलिन बहुधा त्याच किल्केनीच्या कैद्याचा, ग्रिफिदचा मुलगा. आठ वर्षांनी डिस्पेन्सर स्वतः हेरफर्डला तसाच मेला आणि त्याच्यावरच्या आरोपांत या खुनाचाही उल्लेख होता. इतकं सगळं होऊन लुवेलिन ब्रेनचं भूत केर्फिलीला कुणी दाखवत नाही. फेरीत मी त्याचं नाव घेतलं की लोक घड्याळ बघतात. अ‍ॅलिसचं घेतलं की मोबाइल बाहेर येतात.

कललेल्या बुरुजाचंही तसंच. आग्नेयेकडचा बुरूज सुमारे दहा अंशांनी बाहेर झुकलाय, पिसाच्या मनोऱ्यापेक्षा जास्त. गावात सांगतात की वेढ्याच्या वेळी आत वितळलेला धातू होता, त्यावर पाणी पडलं आणि स्फोट झाला. दुसरं मत, १६४० च्या दशकातल्या यादवीत तो सुरुंगाने उडवायचा प्रयत्न झाला. तिसरं आणि सगळ्यात कंटाळवाणं, खालची ओली जमीन खचली. माझा कल तिसऱ्याकडे आहे, पण गटातल्या मुलांनी नेहमी पहिल्यालाच मत दिलंय. त्याच्याशेजारी चौथ्या मार्क्विसचा लाकडी पुतळा दोन्ही हातांनी बुरूज पेलून धरल्यासारखा उभा आहे. फोटो तिथेच काढा.

केर्फिलीवरून इतर किल्ल्यांचा अंदाज बांधू नका, हेही सांगायला हवं. वेल्समधल्या भुताच्या गोष्टीत इतिहास किती, हे दर ठिकाणी बदलतं. किडवेलीला ग्वेनलियनचं मुंडकं नसलेलं भूत सांगतात. ती खरी, ११३६ मध्ये नवरा मदत आणायला उत्तरेला गेला असताना स्वतः फौज घेऊन लढली, हरली आणि तिचा शिरच्छेद झाला. गोष्ट अशी की एका माणसाने भुताला काय हवं ते विचारलं, पण डोकंच नाही तर बोलणार कशी! मग त्याने तीन रात्री रणभूमीवर शोधून कवटी आणून दिली. इथे मुळात इतिहास भक्कम आहे. फक्त आज ज्या दगडी तटाशी ती फिरते म्हणतात, तो तिच्या मरणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी बांधलेला आहे. उलट ऑगमोरची पांढरी बाई गाडलेल्या धनावर पहारा देते. तिला नाव नाही, साल नाही, ती निखळ लोककथा. केर्फिली या दोघींच्या मध्ये कुठेतरी.

म्हणून कुठल्याही किल्ल्यावर अशी गोष्ट ऐकली की मी स्वतःला तीन गोष्टी विचारते. ही गोष्ट आजच्या रूपात पहिल्यांदा कधी लिहिली गेली? तिने एखाद्या गावाच्या नावाचा किंवा विचित्र भिंतीचा उलगडा होतो का? होत असेल तर गोष्ट त्यासाठीच बेतलेली असण्याची दाट शक्यता. आणि त्या माणसांची कागदोपत्री भांडणं कशावरून होती?

आता तुमचं नियोजन. रात्रीच्या फेरीचे पैसे जुलैत तरी वाया घालवू नका. इथे तेव्हा साडेनऊपर्यंत उजेड असतो. भूत आलंच तर गॉगल लावून येईल. काही जण रात्री किल्ला भाड्याने घेऊन यंत्रं लावून ‘तपास’ करतात. हौस म्हणून ठीक, पण नऊ वर्षांच्या मुलीसाठी तो झोप मोडण्याचा कार्यक्रम आहे. किल्ला संध्याकाळी बंद होतो, मात्र तळ्याकाठची वाट बाहेरून चालता येते. जेवणानंतर तिथून एक चक्कर मारा. पाण्यात उलटा पडलेला बुरूज बघण्यासारखा असतो.

घाबरण्याचं म्हणाल तर ते पोरीवर आणि सांगण्याच्या जागेवर आहे. माझा अनुभव असा की भुताची गोष्ट अंधाऱ्या गोल जिन्यात कधी सांगू नये. पायऱ्या झिजलेल्या, ओलसर, आणि वर जॅकडॉ पक्षी भिंतींच्या भोकांतून अचानक फडफडतात. भीतीने पाय घसरतो तो खरा धोका. गोष्ट बाहेर, दक्षिणेकडच्या तळ्यासमोर गवतावर बसवून सांगा. आधी वेलीची, मग अ‍ॅलिसची, आणि शेवटी किल्लेदाराने यादी तपासायच्या नावाखाली दार कसं उघडलं ती.

कार्डिफहून आगगाडीने वीसेक मिनिटं लागतात. वेळ उरला तर परतीच्या आधी त्याच मार्गावर उलट्या दिशेला अस्त्राद मनाखपर्यंत जाऊन या, चारच स्टेशनं पुढे आहे. फलाटावरच्या पाटीखाली मुलीला उभं करा आणि त्या मुलाचा प्रश्न तिला विचारून बघा. काय उत्तर देते ते मला जरूर कळवा, मला अजून सापडलेलं नाही.